वेशीबाहेरची चिठ्ठी

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नवरा म्हणतो, तू म्हणजे शिट्टी नसलेला कुकर आहेस, कधी उडशील नेम नाही. तो स्वतः इतका थंड, की कॅनडातल्या आमच्या व्हिटबीच्या हिवाळ्यानं त्याच्याकडे शिकवणी लावावी. तेव्हा सांगता सांगता माझा आवाज मध्येच चढला, तर समजून घ्या.

आमची पोरगी तेव्हा ग्रेड फाइव्हला होती. मार्च महिना, बाहेर बर्फाचा चिखल. शाळेत दोन आठवडे मध्ययुगीन युरोपचा उद्योग निघाला होता. वर्गात एक जुनं गाव उभं करायचं. पाठांतर नाही, परीक्षा नाही. टीचरनं गोष्टी सांगायच्या, मुलांनी त्या काळची गाणी म्हणायची, हातांनी मेणबत्त्या करायच्या, लोकर विणायची. एका खेळण्यातल्या शिरस्त्राणात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कोणाला लोहार, कोणाला सरदार, कोणाला पाव भाजणारी. जे निघेल ते दोन आठवडे व्हायचं आणि शेवटी शाळेच्या जिमच्या हॉलमध्ये जत्रा भरवायची. आईबाप, आजीआजोबा, सगळ्यांना आमंत्रण.

मला हे भारी आवडलं होतं. नागपूरला आमचा इतिहास म्हणजे सनावळ्या आणि छडी. म्हटलं, बाप्पा, काय नशीब आहे या पोरांचं.

उद्योग सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. सासरे हॉलमध्ये कानात हेडफोन घालून मराठी बातम्या बघत बसले होते. ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, आणि थंडीला वैतागून दिवसभर माझी जुनी शाल पांघरून बसायचे. पोरगी आली ती बूट न काढता थेट किचनमध्ये. हातात मातीचा एक वेडावाकडा मग.

हा मग कशाला, असं मी विचारलं, तर ती सुरू झाली. नेहमीप्रमाणे इंग्रजीतून, श्वास न घेता. ती गावची स्किनर झाली होती. गावात कोणाची गाय मेली, घोडा मेला, की स्किनरला बोलावणं. त्यानं ते धूड ओढत न्यायचं आणि कातडं सोलायचं. राहायचं गावाबाहेर. चर्चमध्ये त्याचा बाक सगळ्यांत मागे, एकटा. त्याच्या मुलानं स्किनरच व्हायचं आणि लग्नही दुसऱ्या स्किनरच्याच मुलीशी करायचं. आणि दारूच्या गुत्त्यात त्याचा पेला वेगळा, भिंतीवर टांगलेला, त्याला दुसरं कोणी हात लावायचं नाही. म्हणून हा मग. बाकीचे सगळे मेणबत्त्या करत होते, मातीचा मग करायला फक्त हिला एकटीला मिळाला होता, आणि ती त्याच आनंदात होती.

"इज्न्ट दॅट वाइल्ड, आई?"

माझं लाटणं हातातच राहिलं. मी तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा सांगितलं, तेवढ्याच उत्साहानं. तव्यावरची पोळी काळी पडली, धूर झाला, स्मोक अलार्म बोंबलायला लागला. सासरे हेडफोन काढून काय झालं विचारायला आले, तेव्हा मी तो मग टॉवेलखाली सरकवला. का सरकवला, ते मला त्या क्षणी धड कळलंसुद्धा नाही.

आमच्याबद्दल सांगायला हवं. आम्ही बौद्ध. हॉलमध्ये निळ्या कोटातला फोटो आहे, एप्रिलमध्ये असोसिएशनच्या जयंतीला आम्ही जातो, पोरगी तिथं स्टेजवर गाणं म्हणते, समोसे खाते, घरी येते. फोटोतल्या माणसानं देशाची राज्यघटना लिहिली, इतकं तिला माहीत होतं. त्याच्या मागचं माहीत नव्हतं. दीक्षेच्या आधी आपल्या माणसांच्या गळ्यात जन्मानं कोणतं काम पडलेलं होतं, मेलेलं ढोर कोणी ओढायचं, हॉटेलाच्या वळचणीला ठेवलेला कप कोणासाठी असायचा, यातलं अक्षरही आम्ही तिला सांगितलं नव्हतं. हा माझा हट्ट. नवऱ्याला मी बजावून ठेवलं होतं, की माझ्या पोरीला लाज म्हणजे काय ते कळलंच नाही पाहिजे. ती ताठ मानेनं वाढेल, आणि मग पुढं कधीतरी, मोठी झाल्यावर, वाचेल पुस्तकांत. एवढ्यासाठी तर आलो ना समुद्र ओलांडून.

आणि आता तीच गोष्ट तिच्या दप्तरातून, युरोपचा झगा घालून, माझ्या ओट्यावर येऊन बसली होती. एक तर युरोपातही असं होतं, हाच मला धक्का. मी इतकी वर्षं समजत होते, की हा घाणेरडा शोध आपल्याच लोकांनी लावला. वेगळा पेला! तोच वेगळा पेला! आणि दुसरा धक्का त्याहून मोठा. अख्ख्या वर्गात इतक्या चिठ्ठ्या, त्यातली हीच माझ्या पोरीला कशी निघाली?

नवऱ्याला बेसमेंटमध्ये नेऊन सांगितलं. तो मीटिंग संपवून बसला होता. त्यानं लगेच लॅपटॉपवर शोधलं, वाचत गेला, आणि त्याचा चेहरा उजळत गेला. "अगं, हे तर सेम टू सेम आपलं आहे," म्हणाला. जसं काही कोणी हरवलेला चुलतभाऊ सापडला. मला असा संताप आला, की मी त्याचा लॅपटॉप बंदच केला. म्हटलं, तुला मजा वाटून राहिली का? तो म्हणाला, योगायोग आहे, चिठ्ठी आहे, दोन आठवड्यांचं नाटक आहे.

योगायोगावर माझा विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. चिठ्ठ्या कापून, घडी घालून मुलांपुढं धरायचं काम एका व्हॉलंटियर आईनं केलं होतं. ती पुण्याची. तिची आणि माझी ओळख दिवाळीच्या पॉटलक जेवणाला झाली होती. हातात डिश येण्याआधी तिनं विचारलं होतं, आडनाव काय तुमचं. मी सांगितलं. मूळचे कुठले? म्हटलं, नागपूर. नागपुरात कुठे? म्हटलं, उत्तर नागपूर. तिथं बहुतेक वस्ती आमच्याच लोकांची. त्यावर ती म्हणाली, "अच्छा." बस, इतकंच, आणि मग हसून पनीर वाढायला लागली. ज्यांना आयुष्यभर असा "अच्छा" ऐकायला मिळाला आहे, त्यांना तो कॅनडातसुद्धा ओळखू येतो. मी रात्रभर तोच "अच्छा" चघळत पडले. हिनंच केलं. हिनं आडनाव बघून चिठ्ठी दिली.

सकाळी ऑफिसला लेट येते म्हणून मेसेज टाकला आणि पोरीला सोडायला स्वतः शाळेत गेले. ती बाई कॉरिडॉरमध्ये शिडीवर चढून कापडी झेंडे टांगत होती. मी शिडीपाशी जाऊन उभी राहिले. ओरडायचं नाही, असं गाडीत दहादा ठरवलं होतं, त्यामुळे माझा आवाज फारच गोड निघाला. विचारलं, चिठ्ठ्या तुम्हीच केल्या ना, मग स्किनरची चिठ्ठी माझ्याच मुलीला कशी काय गेली?

तिनं शिडीवरून उतरून माझे दोन्ही हात धरले. मी हबकलेच.

"अहो, मी तुम्हाला फोनच करणार होते. ती चिठ्ठी माझ्या मुलीला निघाली होती. इतकी रडली, इतकी रडली, की शी, मला हे नको. तुमची मुलगी लेडी ऑफ द कॅसल होती, तिनं आपणहून बदलून घेतली. किती गुणी आहे हो."

मी भांडायला आले होते. वाक्यं तयार होती, एकाहून एक धारदार. आणि माझी पोरगी गढीची मालकीण होती, डोक्यावर मुकुट होता, तो तिनं काढून दिला, कोणाला, तर हिच्या मुलीला, आणि बदल्यात काय घेतलं, तर मेलेलं ढोर! कोणी तिला ते दिलं नव्हतं. तिनं स्वतः हात पुढं करून घेतलं होतं.

माझा चेहरा बघून त्या बाईच्या काहीतरी लक्षात आलं असावं. तिनं माझे हात सोडले, ती लाल झाली, आणि म्हणाली, की मी तसा विचारच केला नाही हो. कसा विचार, ते ती बोलली नाही. मी गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ वायपर चालूच ठेवले, काचेवर काही नसताना.

घरी मी पोरीला समजावलं. बदल परत, टीचरशी मी बोलते. ती ऐकेना. प्रॉमिस केलंय म्हणाली. शिवाय स्किनर सगळ्यांत इंटरेस्टिंग आहे, लेडीला नुसतं बसून राहायचं असतं. खरं कारण सांगितल्याशिवाय तिला नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलंच नाही, आणि खरं कारण तर मला सांगायचंच नव्हतं. नवरा म्हणाला, जाऊ दे. मी जाऊ दिलं. फक्त एक अट घातली, बाबांना यातलं काही सांगायचं नाही. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांचे वडील गावचं ते काम करायचे, इतकं मला लग्नात कोणीतरी सांगितलं होतं. म्हातारपणी इतक्या लांब आणून नातीला त्याच वेषात दाखवायचं? छे.

पहिला आठवडा पोरगी शाळेतली गाणी गुणगुणत होती. दुसऱ्या आठवड्यात गुणगुणणं थांबलं. डबा अर्धा परत यायला लागला. मी विचारलं, तर नॉट हंग्री. मला वाटलं, जत्रेचं टेन्शन असेल.

जत्रेच्या दिवशी सासरे सकाळपासून तयार. इस्त्रीचा शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर नवऱ्याचा टोपीचा जाड पार्का. आजोबांना आमंत्रण आहे, असं पोरीनंच त्यांना सांगून ठेवलं होतं. आता काय करता? नवरा त्या आठवड्यात कामासाठी कॅल्गरीला गेला होता. मी बाबांना घेऊन निघाले. वाटेत म्हटलं, की नाटकात ती एक गरीब कामकरी बाई झाली आहे. ते म्हणाले, चांगलं आहे, गरीब असणं काही वाईट नाही.

जिम छान सजवलं होतं. पुठ्ठ्याचा किल्ला, झेंडे, मेणबत्त्या, कोणीतरी बासरी वाजवत होतं. प्रत्येक मुलानं पुढं येऊन आपली गोष्ट सांगितली. आमची पोरगी आली. अंगावर गोणपाट, कमरेला दोर, दोराला बांधलेलं खेळण्यातलं मेंढरू. तिनं गोष्ट नीट सांगितली, स्पष्ट आवाजात, बाक, पेला, लग्न, सगळं. बाबांना इंग्रजी बऱ्यापैकी समजतं. वीज खात्यात नोकरी झाली आहे त्यांची. ते पुढं झुकून ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

मग शेवटचं गाणं. सगळ्या गावानं हात धरून गोल फेर धरायचा आणि वसंत आला म्हणून नाचायचं. फेर जमला. आणि माझ्या पोरीच्या दोन्ही बाजूंच्या मुलींनी आपल्या बाह्या ओढून बोटं झाकून घेतली, आणि कापडातून, चिमटीनं, तिचं गोणपाट धरलं. हात नाही. तिनं हात पुढं केला होता. तो तसाच राहिला क्षणभर, मग तिनं तो खाली घेतला. एका बाजूची मुलगी म्हणजे मुकुट घातलेली लेडी ऑफ द कॅसल होती. जिच्यासाठी चिठ्ठी बदलली, तीच.

टीचर टाळ्या वाजवत आमच्याकडे वळून कौतुकानं म्हणाली, बघा, किती सुंदर भूमिकेत शिरली आहेत मुलं. आसपासचे आईबाप हसले. पलीकडच्या रांगेतली पुण्याची बाई तेवढी हसली नाही. मी खुर्चीला खिळले होते. दोन आठवडे! दोन आठवड्यांत यांना कसं जमलं हे? गोरी, काळी, चिनी, पंजाबी, सगळ्या देशांची पोरं. कोणी शिकवलं यांना चिमटीनं धरायला? टीचरनं तर बाक आणि पेला इतकंच सांगितलं होतं. चिमूट यांनी स्वतः शोधून काढली.

बाबा उठून उभे राहिले होते. गाणं संपेपर्यंत तसेच उभे राहिले, मग पार्काची चेन लावली आणि हळू आवाजात म्हणाले, "चाल बेटा, पोरीला घे."

गाडीत बाबा मागच्या सीटवर तिच्याशेजारी बसले. मी हीटर लावला. पार्किंगमधून निघायच्या आत पोरगी बोलायला लागली, खिडकीकडे तोंड करून. हे फक्त नाचात नाही, म्हणाली. लंचलाही. तिच्या टेबलावर कोणी बसत नव्हतं. आधी गंमत म्हणून. मग नुसतंच. वॉशरूमच्या नळाला तिनं हात लावला, की बाकीच्या मुली दुसऱ्या नळावर जायच्या. टीचरला सांगितलं का, मी विचारलं. मुलं म्हणत होती, की रूलच आहे, म्हणून नाही सांगितलं. तिचा आवाज अगदी साधा होता. मी गाडी कडेला घेतली. मला पुढचं दिसत नव्हतं.

"माझं आज संपलं," ती इंग्रजीत म्हणाली. "सोमवारी मी स्किनर नाही. पण खऱ्या स्किनरचं कधी संपलं?"

टीचरला विचारलं होतं म्हणे तिनं. टीचर म्हणाली, नक्की माहीत नाही, शेकडो वर्षं लागली असतील.

मी काहीतरी बोलणार होते. घरी जाऊन पिझ्झा मागवू, असलं काहीतरी. पण बाबा मराठीत बोलले, त्यांच्या गावच्या मराठीत.

"त्यांचं मले माहीत नाही. आपलं संपलं तवा मी सात वर्षांचा होतो. माह्या बापानं संपवलं."

पोरगी वळली. तिचं मराठी किचनपुरतं. जेवण, आंघोळ, लवकर ये. तिनं माझ्याकडे आरशातून बघितलं. बाबा म्हणाले, "सांग तिले." मी म्हटलं, बाबा, राहू द्या ना आता. ते म्हणाले, "कशापायी राहू द्यायचं? तिनं आज पाहिलं ना सारं. सांग."

आणि मग मला सांगावं लागलं. जे शब्द तिच्या कानावर पडू नयेत म्हणून मी दहा वर्षं जिवाचं रान केलं, ते मलाच, माझ्याच तोंडानं, एकेक करून इंग्रजीत करावे लागले. बाबा एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. मी ते तिला सांगायचे. मेलेलं जनावर ओढायचं काम आपल्या घराकडे होतं. तुझे पणजोबा ते करायचे. ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी ठरवलं, आता नाही. मग पाटलाचा बैल मेला. बोलावणं आलं. पणजोबा म्हणाले, आम्ही ते काम सोडलं.

पोरगी हलत नव्हती. तिनं मला मध्येच थांबवलं.

"यू न्यू? अँड यू लेट मी थिंक इट वॉज जस्ट युरोप?"

मला वाटलं होतं, हे ऐकून तिची मान खाली जाईल. तिची मान ताठच होती. ती चिडली होती, माझ्यावर, माझ्याचसारखी. मी हो म्हटलं. बाबांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढं सांगायला लागले. यानंतरचं मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या माहेरचे लोक आजोबांपासून शहरात, गिरणीत कामाला. मला हे सगळं भाषणांतून ठाऊक. इतकी वर्षं या घरात सून आहे, पण बाबांनी हे कधी उच्चारलं नव्हतं.

गावानं त्यांना दुकान बंद केलं. मजुरी बंद. मीठ मिळेना, पीठ मिळेना. बैल वेशीपाशी सडत पडला होता आणि वारा फिरला, की वास घरात यायचा. गाव वाट बघत होतं, आज येतील, उद्या येतील. पणजोबा दारात बसून राहायचे. घरात लहान मोठं कोणीच जेवलेलं नव्हतं. मी हे सगळं सांगत गेले, माझा आवाज कुठून येत होता कोण जाणे.

मग बाबा थांबले. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"मले लई भूक लागली होती. मी बापाले म्हटलं, ओढ ना बा, एकदाच ओढ. त्यानं मले मारलं. आधी कधी मारलं नव्हतं. मंग तोच रडत बसला."

हे मला जमेना. दोनदा सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. तिसऱ्यांदा कसंतरी सांगितलं, स्टिअरिंगकडे बघत. मग पोरीनं तिच्या गुडघ्यावरचा तो सुरकुतलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आय वुड हॅव आस्क्ड टू, आजोबा."

मी ते मराठीत सांगायच्या आत त्यांनी मान डोलावली होती.